वालाच्या शेतात हॉकी

आमच्या जोह्यात भात कापल्यावर शेत रिकामं ठेवणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर त्याच्या घरात भावाभावांचं भांडण लागलेलं असतं. जमिनीतली ओल उडायच्या आत वाल पेरायचे, हे इथे कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून ज्या वर्षी आमच्या वरच्या शेतात वालाऐवजी हॉकीचे दोन गोल उभे राहिले, त्या वर्षी रस्त्याने जाणारा-येणारा थांबून विचारायचा, विमलबाईंच्या घरी सगळं बरं आहे ना.

विमलबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शेत त्यांचं, शेताला लागून असलेला गणपतीचा कारखाना त्यांचा, आणि त्या दोन्हींत वावरणारी माणसंही आपलीच मालमत्ता आहेत अशी त्यांची समजूत. सासरे लवकर गेले. तेव्हापासून साचे, प्लास्टर, रंग, मुंबईची गिऱ्हाइकं, सगळं त्यांनी एकहाती सांभाळलं. त्यांचा मुलगा मोरेश्वर, त्यांचा मोरू, म्हणजे आमचे हे. आईसमोर ते तोंड उघडायचे ते फक्त जेवायला.

मी रोह्याची. रोह्याच्या पुढे अजून रेल्वेचे रूळ गेले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर कंपन्या नुकत्या आल्या होत्या, आणि एका कंपनीतल्या साहेबांच्या बायकोने हौसेने मुलींचा हॉकी क्लब काढला होता. मी शाळेत असल्यापासून त्यात खेळले. बॅकला खेळायचे, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची. समोरून कुणी बॉल घेऊन सुसाट आली की बाकीच्या मागे सरकायच्या आणि मी पुढे जायचे. स्वभावच तसा. आई म्हणायची, हिला सासरी निभावून घेणारं कुणीतरी भेटू दे. मला विमलबाई भेटल्या.

लग्नात मी माझी स्टिक वळकटीत गुंडाळून आणली होती. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ती कोंबड्या हाकायला घेतली. काठी बरी आहे, म्हणाल्या, पुढून वाकडी आहे तेवढी मोरूकडून सरळ करून घेऊ. मी नवी नवरी होते म्हणून गप्प बसले. वर्षभराने म्हणाल्या असत्या तर बसले नसते.

ती स्टिक कोंबड्यांच्या तावडीतून सोडवली हैबतरावांनी. हैबतराव फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते आणि पेणला राहायचे. पलटणीच्या संघातून त्यांनी बरीच वर्षं हॉकी खेळली होती. घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला कारखान्यात आले, दाराशी उभी केलेली स्टिक पाहिली, आणि गणपती राहिला बाजूला. हातात घेऊन उलटसुलट करत त्यांनी विचारलं, ही कुणाची. मी पदर सावरत पुढे झाले. त्या दिवशी त्यांनी मूर्ती सांगितलीच नाही, पुन्हा यावं लागलं. पुन्हा आले ते चार जुन्या स्टिका घेऊन.

आमचा जोहे महिला हॉकी क्लब असा निघाला. क्लब म्हणजे काय, तर कारखान्यात घासकाम आणि रंगकाम करणाऱ्या बाया, शेजारच्या हमरापुरातल्या दोन सुना, पिठाची गिरणी चालवणारी कृष्णाबाई आणि आवडी. आवडी नदीपलीकडच्या कातकरी वाडीतली. कारखान्यात प्लास्टर कालवायला यायची. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण पळायला लागली की आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या आहोत असं वाटायचं. कृष्णाबाई पळायची नाही. ती गोलात उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंना जी जागा उरायची तेवढ्यातूनच काय तो गोल व्हायचा. तिचे पॅड आम्हीच केले. मूर्ती मजबूत व्हावी म्हणून प्लास्टरमध्ये नारळाचा काथ्या घालतात, तोच काथ्या गोणपाटात ठासून भरला आणि दाभणाने शिवला. लुगड्याचा काष्टा मारून, पायाला ते पॅड बांधून ती उभी राहिली की मुंबईचे व्यापारीसुद्धा मूर्ती बघायच्या सोडून तिला बघायचे. गावातल्या पुरुषांनी पहिले काही दिवस खूप दात काढले. मग कृष्णाबाईने गिरणीत त्यांच्या घरची दळणं मागे ठेवायला सुरुवात केली आणि दात आत गेले.

आमचं सगळं होतं, मैदान नव्हतं. शाळेचं पटांगण उतरतं, आणि उताराच्या टोकाला कालवा. प्रॅक्टिसचा निम्मा वेळ आवडी बॉल काढायला पाण्यात. त्यामुळे मॅच खेळायची म्हणजे रोह्याला जायचं. माझ्याच जुन्या क्लबाबरोबर, कंपनीच्या हिरव्यागार लॉनवर. चार वेळा गेलो आणि चारही वेळा हरून आलो. आमच्या बायांना लॉनवर बॉल कुठे जातो तेच कळायचं नाही. दरवेळी रोह्याची कॅप्टन मंदा, जी शाळेत माझ्या बाकावर बसायची, निरोप देताना म्हणायची, आता एकदा आम्हाला बोलवा. आणि मी हसायचे. दुसऱ्यांदा हसताना मला स्वतःची चीड आली. माहेरच्यांनी सासरी येतो म्हणावं आणि सासरी बसवायला जागा नसावी, तसंच ते होतं.

जागा होती. वरचं शेत होतं, कारखान्याच्या कडेचं. मधला बांध काढला तर मैदान मावत होतं. पण ते शेत वालांचं, आणि वाल सासूबाईंचे. एरवी तो विषय काढायची माझीसुद्धा छाती झाली नसती. पण त्याच्या आदल्या वर्षी वालाला मावा पडला आणि शेंगा भरल्याच नाहीत. सासूबाई चिडून म्हणाल्या, पुढल्या साली ते तोंडसुद्धा बघायचं नाय मला वालांचं. मी ते धरून ठेवलं. भात कापून झालं त्या संध्याकाळी मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि शेत मागितलं.

त्यांनी आधी चहा संपवला. मग म्हणाल्या, "एक वरीस देते. तुमची ती मॅच होऊ दे. नीट झाली तर बघू. हसं झालं तर बांध परत घालायचा, वाल पेरायचे, आन् ती काठी कोंबड्यांना."

एवढंच. पण मी त्या घरात आल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं होतं ते हेच, आणि ते एका मॅचवर टांगलेलं होतं. पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मोरेश्वरांनी कारखान्यातली दोन माणसं घेऊन बांध काढला. भाताचे सड आम्ही विळ्याने जमिनीसरशी कापले. जमीन दाबून सपाट करायला शेजारच्या दाजींचा रूळ मागून आणला आणि सगळ्या बायांनी मिळून तो ओढला. हैबतराव बांधावर उभे राहून पलटणीतल्यासारखे ओरडायचे आणि आम्ही पलटणीत नसल्यासारख्या हसायचो. वर्षानुवर्षं भाताला चिखल करून करून ती माती बसली होती, वाळल्यावर अशी टणक झाली की बॉल सरळ पळायला लागला. आवडीने पहिल्यांदा त्या मैदानात या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉल नेला तेव्हा मला भरून आलं. कालव्यात न जाणारा बॉल आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

रोह्याला निरोप गेला. जानेवारीतला रविवार ठरला. पंच म्हणून पेणच्या एका शाळेचे कमळाकर सर येणार होते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही मैदान आखायला घेतलं. आणि इथे आम्ही जे केलं ते जोहे-हमरापूर सोडून जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

आधी आम्ही सगळीकडे पाण्याचा सडा मारला. धूळ बसावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर पाहुणे येणार म्हटल्यावर सडा मारल्याशिवाय आमच्या हातांना चैन पडेना. कालव्यावरून बादल्या आणून आणून शेत चांगलं भिजवलं. मग रेघा. रेघा मारायची पांढरी फक्की हैबतरावांनी पेणहून आणली होती, ती अर्ध्या मैदानातच संपली. अंधार पडायला आला होता. पेणला जाऊन दुकान उघडं मिळालं नसतं. कोण म्हणालं ते आता आठवत नाही, बहुधा सगळ्याच एकदम म्हणालो, की पांढरी पावडर तर आपल्याकडे ढिगाने पडली आहे. सासूबाई तेव्हा आत दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकात होत्या. मी आणि आवडीने कारखान्यातून प्लास्टरच्या गोण्या ओढत आणल्या आणि हात सैल सोडून रेघा मारल्या. फक्कीपेक्षा पांढऱ्या, फक्कीपेक्षा ठसठशीत. हैबतरावही खूश झाले. म्हणाले, अशी आखणी दिल्लीत पण बघितली नाही.

रोज प्लास्टर कालवणाऱ्या, रोज ते हातात घट्ट होताना बघणाऱ्या आम्ही बाया. ओल्या जमिनीवर ते पडल्यावर काय होणार हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. कारखान्यात प्लास्टर म्हणजे मूर्ती. शेतात ते आमच्या लेखी फक्की झालं होतं.

सकाळी दव चांगलंच पडलं होतं. मी उजाडता उठून मैदानाकडे बघितलं तर रेघा लख्ख दिसत होत्या, मला काय आनंद झाला. जवळ गेले नाही. आत तीस माणसांचा स्वयंपाक चालू होता. पाहुण्यांना बिरडं पाहिजे म्हणून सासूबाईंनी दाजींकडून वाल विकत आणले होते आणि ते सोलताना दर मूठभर वालांमागे मला ऐकवत होत्या, की विमलबाईंच्या घरात विकतचे वाल शिजायचा हा पहिला प्रसंग.

रोहेकरीण मंडळी एस.टी.ने पेणला आणि तिथून टेंपोने आली. निळे शर्ट, पांढऱ्या अर्ध्या पँटी. कृष्णाबाई सोडून आम्ही सगळ्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला आवळलेल्या. बांधांवर आख्खं गाव जमलं होतं, हमरापूरचीही माणसं होती. सासूबाई मात्र आल्या नाहीत. त्या कारखान्याच्या दारात कच्च्या मूर्तींच्या रांगेपुढे खुर्ची टाकून बसल्या, तोंड मैदानाकडे, पण दुसरीकडेच काही बघत असल्यासारखं.

मॅचआधी दोन्ही संघ थोडे हात मोकळे करत होते. मंदाने मधल्या रेघेपलीकडून एक साधाच फटका मारला. बॉल जमिनीवरून सरपटत आला, रेघेवर आदळला आणि उसळला तो सरळ कमळाकर सरांच्या कानाजवळून गेला. सरांची टोपी खाली पडली. बांधावर हशा पिकला. सरांना वाटलं दगड असेल. त्यांनी पायाने रेघ उकरायला बघितली आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

मी धावत गेले. रेघ बोटभर उंच, कडक, खणखणीत. शनिवारचं पाणी आणि रात्रीचं दव पिऊन प्लास्टर दगड झालं होतं. अर्ध्या मैदानभर, गोलापुढच्या अर्धवर्तुळासकट, पांढरा कठडा घातलेला होता. मी आवडीकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला होता.

कमळाकर सरांनी सगळीकडून फिरून पाहिलं आणि हैबतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की या मैदानावर मी शिट्टी मारणार नाही. बॉल तोंडावर उडाला तर डोळा जाईल एखादीचा. अर्ध्या तासात हे निघालं तर बरं, नाहीतर मॅच रोह्याची. हैबतराव मान खाली घालून रेघेकडे बघत राहिले. मंदा माझ्याजवळ आली. ती चांगलं मनात धरूनच म्हणाली, सुगंधा, वाईट वाटून घेऊ नको, पुढच्या रविवारी आमच्याकडे या, कंपनीच्या लॉनवर खेळू. बांधावर कुणीतरी मोठ्याने म्हणालं, विमलबाईंनी हॉकीचा साचा काढला बघा. त्यावर पुन्हा सगळे हसले.

हसं झालं तर बांध परत घालायचा, हे वाक्य मला तेव्हा शब्दन् शब्द ऐकू आलं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. माझाच, त्या प्लास्टरचा, त्या हसणाऱ्यांचा. मी स्टिक उचलली आणि रेघेवर घातली. टवका उडाला, रेघ तशीच. दुसऱ्यांदा घातली तेव्हा आवडीने माझा हात धरला. म्हणाली, "वयनी, काठी मोडंल. पटाशी पायजे याला. आन् मानसं."

पटाश्या होत्या कारखान्यात. माणसंही होती. रविवार असूनही काम चालू होतं. आणि दारात खुर्चीवर सासूबाई होत्या.

त्यांनी नुसतं बसून राहायचं होतं. अर्धा तास गेला असता, शेत आपोआप त्यांचं झालं असतं, पुढल्या साली वाल पेरले गेले असते आणि कुणी त्यांना बोल लावला नसता. हे मला चालत जाताना दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार, कारण त्या हुशार बाई आहेत. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. बाकीचे सगळे बघत होते.

"आई," मी म्हटलं, "मला कारखान्यातली माणसं द्या. आणि हत्यारं. अर्ध्या तासासाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे, शेताकडे बघत विचारलं, "प्लास्टर कुनी काढलं?"

"मी."

"पानी मारल्यावर टाकलंस?"

"व्हय."

एरवी मी असं व्हय म्हणत नाही. रोह्याच्या शाळेत शिकलेली म्हणून मला थोडा तोरा होता. तेव्हा आपसूक निघालं. सासूबाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं आता सगळ्यांदेखत माझी लाज काढणार. त्यांनी लुगडं वर खोचलं.

"मग तूच घासायचं हाय," त्या म्हणाल्या. "हुबी काय ऱ्हायलीस? आत जा, पटाश्या काढ. पट्ट्या पन घे."

त्या का उठल्या हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. पाहुणे न जेवता जातील म्हणून असेल. बांधावरचा तो साच्याचा टोमणा लागला असेल. रोहेकरणींनी, कितीही गोड बोलून का होईना, आपल्या दारातून मॅच उचलून न्यावी हे त्यांना खपलं नसेल. किंवा त्यांच्या समोर उघड्यावर प्लास्टरचं वाईट काम पडलं होतं आणि ते तसं ठेवून खुर्चीत बसणं त्यांना जमण्यासारखंच नव्हतं. मी पुढे कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की माणसं नाही म्हणतात.

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावाने पुन्हा बघितलं नाही. कारखान्यातली झाडून सगळी माणसं शेतात उतरली. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा ज्यांनी घासायच्या त्या लोखंडी पट्ट्या, पटाश्या, हातोड्या, जे हाताला लागेल ते. सासूबाईंनी माणसं रेघेवर वाटून दिली आणि स्वतः गोलापुढच्या अर्धवर्तुळावर बसल्या. त्यांचा सगळ्यांना एकच हुकूम होता, उखडायचं नाही, घासायचं. उखडलं तर खड्डा पडेल. जमिनीच्या वर जेवढं आलंय तेवढंच काढायचं आणि खालचं तसंच ठेवायचं. मोरेश्वर एकदा खणत होते तर आईने ढेकूळ मारलं. कृष्णाबाई काथ्याचे पॅड बांधलेल्या गुडघ्यांवर बसून सरकत होती. त्या दिवशी पॅडचा सगळ्यात जास्त उपयोग तेव्हा झाला.

थोड्या वेळाने माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. मंदा होती. पांढरी अर्धी पँट मातीत टेकवून तिने माझ्या हातातली पट्टी मागितली. तिच्या मागोमाग त्यांच्या सगळ्याच आल्या. आवडी एका निळ्या शर्टवालीला दाखवत होती, पटाशी आडवी धर, उभी नको. त्या पोरीचे वडील कंपनीत इंजिनिअर होते म्हणे. बांधावरची माणसं आता हसत नव्हती. दाजी खाली उतरले, मग गावातला विठू, मग आणखी दोघे-तिघे. कमळाकर सर पाणी पिऊन येतो म्हणून विहिरीकडे गेले, आणि एक तांब्या पाणी प्यायला त्यांनी इतका वेळ लावला की मला हा माणूस त्या दिवसापासून आवडतो.

सर परत आले तेव्हा सासूबाई अनवाणी पायांनी रेघांवरून चालत होत्या. जिथे पायाला टोचेल तिथे थांबून बोट दाखवायच्या आणि तिथलं पुन्हा घासलं जायचं. रेघा गेल्या नव्हत्या. वरचा उंचवटा गेला होता, खालचं पांढरं जमिनीत बसून राहिलं होतं. सरांनी बॉल घेतला आणि सगळीकडून सरपटत सोडून बघितला. कुठेही उडाला नाही. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि शिट्टी तोंडाला लावली.

मॅच सुरू झाली तेव्हा आम्ही सगळ्याच पांढऱ्या होतो. केसांत प्लास्टर, भुवयांवर प्लास्टर. कोण निळी आणि कोण कसली ते जवळ गेल्यावर कळायचं. दमलोही होतो, पण त्याही दमल्या होत्या, आणि माती आमची होती. लॉनवर आम्ही जशा चाचपडायचो तशा आज त्या चाचपडत होत्या. पहिल्या अर्ध्यात आवडीने एकदा बॉल घेतला आणि ती जी सुटली, तिला कुणी हातच लावू शकलं नाही. त्यांची गोलकीपर पुढे येईपर्यंत बॉल तिच्या पायांमधून गेला होता. बांधावरचा गोंगाट मला आठवतो. आवडी मात्र लाजून मधल्या रेघेकडे परत चालत आली, जणू प्लास्टर कालवून झालं, आता पुढे काय.

मध्यांतरानंतर मंदाने ते फेडलं. डावीकडून घुसली आणि मला चकवून गेली. शाळेत ती मला असंच चकवायची. त्यानंतर आणखी दोनदा ती तिथूनच आली. एकदा कृष्णाबाईच्या काथ्याने वाचवलं. शेवटच्या खेपेला मी सरळ बॉलच्या आडवी पडले आणि तो माझ्या ढोपरावर बसला. डोळ्यापुढे काजवे चमकले, पण बॉल बाहेर गेला. शिट्टी झाली तेव्हा मी जमिनीवरच बसलेली होते. एक-एक. रोह्याविरुद्ध न हरण्याची आमची ही पहिलीच वेळ. आवडी माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मी सुखी होते, दुसरा शब्द नाही.

दुपारी कारखान्यातच पंगत बसली. गणपतींच्या रांगांच्या मध्ये सगळ्या जेवल्या. बिरडं संपलं, सासूबाईंनी पुन्हा भात टाकला. त्या माझ्याकडे न बघता वाढत होत्या. आनंदाच्या भरात विसरलेलं सगळं मला तेव्हा आठवलं. नीट झाली तर बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. ही मॅच नीट झाली असं कोण म्हणेल? पंचांची चप्पल तुटली होती, गावभर हशा झाला होता, गोण्यांनी प्लास्टर मातीत गेलं होतं, आणि एवढं करून आम्ही जिंकलोही नव्हतो.

टेंपो गेल्यावर मी लंगडत मैदानावर गेले. स्टिका गोळा करायच्या होत्या. ऊन उतरलं होतं. सासूबाई तिथे आधीच होत्या, गोलापाशी उभ्या. मी जवळ गेले तरी त्या वळल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जिंकलं कोन म्हंजे?"

मी सांगितलं, कुणीच नाही. दोघींचा एकेक गोल झाला, बरोबरी.

"असं कसं? येवढ्या धावल्यात. तुजं ढोपर फुटलं. आन् जिंकलं कोनच नाय?"

मी नियम समजावून सांगितला. वेळ संपली की जे असेल ते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. पटलं नव्हतं.

"म्हंजे मॅच पुरी झालीच नाय," त्या म्हणाल्या. "अर्धं काम मी कदी गिऱ्हाइकाला दिलं नाय. त्यांना परत बोलव. पुढल्या साली."

"कुठे बोलवू?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? इथंच. रेघा इथं बसल्यात ना."

"आणि वाल?"

"वालाचं माजं मी बघते. तू तुजं बघ." मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या, चांगल्या रागाने. "ती मंदा तीनदा एकाच अंगानं घुसली गो. तीनदा. तू काय करत व्हतीस?"

त्यांच्यासमोर रडायचं माझ्या अंगात नाही. मी खाली बसून स्टिका गोळा करत राहिले आणि त्या मला सांगत राहिल्या, की ती आली की तू डावीकडे आधीच सरकायला हवं होतंस, मी खुर्चीवरून ओरडत होते, तुला ऐकू आलं नाही का. खरंच आलं नव्हतं. त्या ओरडत होत्या हेच मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी वाल कारखान्याच्या मागे, परसात पेरले गेले. थोडेच आले, पण विकत आणावे लागले नाहीत. रोह्याच्या मुली आल्या आणि आम्हाला हरवून गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो, नंतर आणखी दोनदा जिंकलो. दरवेळी मी सांगायचे, आता झाली मॅच पुरी, आणि सासूबाई दरवेळी म्हणायच्या, ही वेगळी मॅच. ती पहिली अजून पुरी व्हायची हाय, तवर शेत कुनाला द्यायचं नाय.